हिमाची पारख आणि मेणाचा धूर

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रियातील सोल्डन येथे, गावाच्या वर असलेल्या हिमनदीच्या उतारावर, महिलांच्या जागतिक चषक स्कीस्पर्धेतील त्या मोसमाची पहिली शर्यत झाली. नॉर्वेची रॅग्निल्ड मोविन्केल ही २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन रौप्यपदके मिळविलेली खेळाडू शर्यत पुरी करून खाली आली. नियमाप्रमाणे तिच्या स्कींचे तळ एका यंत्राने तपासण्यात आले आणि तिचे नाव निकालातून वगळण्यात आले. प्रश्न उत्तेजक औषधाचा नव्हता. पायांखालच्या पट्ट्यांच्या तळाशी फ्लुओरीनयुक्त मेणाचा अंश सापडला होता आणि त्याच मोसमापासून असे मेण वापरण्यास आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने बंदी केली होती. या बंदीखाली जागतिक चषकाच्या शर्यतीतून बाद झालेली ती पहिली खेळाडू.

ज्या मेणापायी हे घडले, ते निकृष्ट ठरले म्हणून बंद झालेले नाही. उलट जवळजवळ तीस वर्षे ओल्या हिमावरच्या चाचण्यांमधून ते सातत्याने पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होत आले होते. चाचणी काटेकोर होती, परीक्षक तज्ज्ञ होते, निष्कर्ष खरा होता; आणि तरीही त्या चाचणीने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही, कारण ती गोष्ट तिला कोणी विचारलीच नव्हती. ज्यांच्या गावी हिम कधी पडत नाही अशा वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे प्रयोजन एवढेच. वस्तूंची तुलना करणे, त्यांना गुण देणे, त्यांतून ‘उत्तम’ निवडणे हा व्यवहार आता आपल्या आयुष्यातही पदोपदी आहे, आणि त्यातल्या खाचाखोचा स्कीच्या चाचणीत जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या क्वचितच अन्यत्र दिसतील.

प्रारंभी भाषेची एक अडचण दूर केली पाहिजे. मराठीत ‘बर्फ’ या एकाच शब्दाने आपले काम भागते. मासळीबाजारातली लादी, सरबताच्या पेल्यातला खडा आणि काश्मीरच्या छायाचित्रातली पांढरी चादर, सगळेच बर्फ. या लेखात आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत पदार्थाला हिम म्हटले आहे आणि गोठून घट्ट झालेल्याला बर्फ. हा भेद शास्त्रीय हौसेखातर नाही. स्की म्हणजे बुटाला जखडलेली लांब, अरुंद, पुढे वर वळलेली पट्टी. तिची सारी करामत तिच्या तळाखाली नेमके काय आहे यावर अवलंबून असते. युनेस्कोच्या विद्यमाने २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जमिनीवरील हिमकणांचे आकारानुसार नऊ मुख्य वर्ग आहेत. नुकतेच पडलेले टोकदार स्फटिक, मोडून तुकडे झालेले स्फटिक, कालांतराने गोल झालेले कण, वितळून पुन्हा गोठलेले कण, घन बर्फ इत्यादी. यंत्राने पाडलेल्या हिमालाही त्यात स्वतंत्र वर्ग द्यावा लागला. त्यात तापमान, ओलावा आणि घनता यांचे भेद मिळवले, की ‘हिमावर चांगली चालणारी स्की’ हे शब्द ‘जमिनीत चांगले येणारे पीक’ या शब्दांइतकेच निरर्थक ठरतात. कोणत्या जमिनीत, हे आधी सांगायला हवे.

स्की घसरते का, याचेच उत्तर पुष्कळ काळ चुकीचे दिले जात होते. वजनाच्या दाबाने खालचे हिम वितळते आणि त्या पाण्यावरून पट्टी सरकते, असे समजले जाई. एफ. पी. बोडेन आणि टी. पी. ह्यूज या ब्रिटिश संशोधकांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखच्या उंच ठाण्यावर प्रयोग केले आणि १९३९ साली दाखवून दिले, की मुख्य काम दाबाचे नसून घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचे आहे. ही उष्णता कणांची टोके किंचित वितळवते आणि पाण्याचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो. पुढील संशोधनाने या चित्रात बरीच भर घातली आहे. परंतु स्कीची पारख करणाऱ्याला त्यातून मिळणारा धडा तोच राहिला. पापुद्रा फार पातळ झाला तर पट्टी कोरडी घासते. अतिशीत हवेत हिम वाळूसारखे होते. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉटच्या तुकडीला आपल्या घसरगाड्या अशाच पृष्ठभागावरून ओढाव्या लागल्या होत्या. याच्या उलट, हवा उबदार असली की पाणी जास्त होते आणि ओल्या काचेवर दुसरी काच चिकटावी तशी पट्टी खाली धरली जाते. कडाक्याच्या थंडीत अडवणारे कारण एक आणि उन्हात अडवणारे कारण त्याच्या नेमके विरुद्ध. दोन्हींवर एकच उपाय कसा चालेल?

म्हणून मेण. थंड हिमाचे कण कठीण आणि धारदार असतात. ते तळात रुतू नयेत म्हणून मेण कठीण हवे. उबदार हिमाला मऊ, पाणी झिडकारणारे मेण हवे. सपाट प्रदेशात लांब पल्ल्याची जी स्कीदौड होते तिच्या पारंपरिक प्रकारात आणखी एक पेच आहे. पायाने रेटा देताना पट्टीने हिमाला घट्ट धरले पाहिजे आणि पुढच्याच क्षणी सोडून दिले पाहिजे. पट्टीच्या मधल्या भागाला लावलेले मेण अचूक निवडले, तर दाब पडताच हिमाचे कण त्यात रुततात आणि दाब सुटताच मोकळे होतात. नॉर्वेच्या पेटर ओस्टब्यू याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जुन्या, गोठलेल्या हिमासाठी ‘क्लिस्टर’ नावाचे डिंकासारखे चिकट मेण काढले आणि हा पेच काही अंशी सोडवला. १९४६ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ‘स्विक्स’ कंपनीने ऑलिंपिकपदक मिळविलेल्या मार्टिन मात्सबो या स्कीपटूच्या अनुभवाला रसायनशाळेची जोड दिली आणि मेणांना तापमानानुसार रंग ठरवून दिले. हिरवे कडाक्याच्या थंडीचे, निळे त्याहून सौम्य थंडीचे, तांबडे शून्याजवळचे. तोपर्यंत प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्याचे एक गुप्त मिश्रण असे, आजीबाईच्या बटव्यासारखे. रंगांच्या डब्यांनी ते ज्ञान दुकानात आणले. फक्त शून्य अंशावर पडत असलेल्या ताज्या हिमापुढे रंगांच्या डब्या आजही अपुऱ्या पडतात. त्या हवेत दर दहा मिनिटांनी उत्तर बदलते.

ही चाचणी प्रत्यक्षात कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. मोठ्या शर्यतीच्या दिवशी खेळाडू न्याहारी करीत असतात तेव्हा त्यांच्या संघाचे मेणतज्ज्ञ मैदानावर येऊन कितीतरी वेळ झालेला असतो. प्रथम हिमाचे आणि हवेचे तापमान, आर्द्रता, कणांचा प्रकार यांची नोंद होते. मग एकाच जातीच्या, शक्य तितक्या समान अशा चाचणी-स्कींच्या जोड्यांना वेगवेगळी मेणे लावली जातात. जोड्यांना फक्त क्रमांक असतात. कोणत्या क्रमांकाखाली कोणते मेण आहे हे घसरणाऱ्याला पुष्कळदा सांगितलेले नसते. दोघे परीक्षक शेजारशेजारच्या पन्हळींतून, एकमेकांचा हात धरून उतारावरून निघतात. हात धरण्याचे कारण दोघांचा प्रारंभीचा वेग एक असावा. मग हात सोडतात, काठ्या न मारता नुसते घसरतात आणि कोण पुढे जातो ते पाहतात. त्यानंतर, आणि खरी शहाणीव इथे आहे, ते दोघे आपापल्या स्की बदलतात आणि पुन्हा तसेच घसरतात. पहिल्या वेळी पुढे गेलेला मनुष्य वजनदार होता म्हणून पुढे गेला की त्याची स्की चांगली होती म्हणून, हे या अदलाबदलीने कळते. जिंकलेली जोडी पुढच्या फेरीत जाते, हरलेली बाजूला ठेवली जाते. गावच्या कुस्त्यांच्या फडासारखे हे चालते. काही ठिकाणी प्रकाशकिरणांच्या साहाय्याने वेळ मोजणारी साधने लावतात आणि सेकंदाच्या शतांशापर्यंत आकडे मिळवतात. परंतु अनुभवी माणसे निव्वळ आकड्यावर विसंबत नाहीत. सुरुवातीला वेगाने सुटणारी स्की उताराच्या तळाशी मंदावते, तर एखादी आरंभी सुस्त असते आणि शेवटपर्यंत वेग टिकवते. पन्नास किलोमीटरच्या शर्यतीला यांपैकी दुसरी हवी. शिवाय चाचणी करता करता पन्हळ गुळगुळीत होत जाते, म्हणजे मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची वस्तू बदलते. सकाळी आठला जिंकलेली जोडी शर्यतीच्या वेळी, ऊन वर आल्यावर, निरुपयोगी ठरू शकते. म्हणून नेहमी एक संदर्भ-जोडी ठेवलेली असते. तिच्यात बदल करायचा नाही, आणि प्रत्येक फेरीत तिच्याशी ताडून पाहायचे.

मेणाआधी खुद्द पट्टीची निवड असते. दोन स्की तळाला तळ लावून उभ्या धरल्या तर मधे फट दिसते, कारण प्रत्येकीला कमान असते. ही कमान किती ताठ असावी हे वापरणाऱ्याच्या वजनावर ठरते. त्याची जुनी परीक्षा अशी: सपाट फरशीवर स्की ठेवून तिच्यावर उभे राहायचे आणि पायाखालून कागदाचा कपटा सरकवून पाहायचा. दोन्ही पायांवर सारखे वजन असता कागद ठराविक अंतरापर्यंत पुढेमागे मोकळा सरकला पाहिजे. सारा भार एका पायावर घेतला की तो अडकला पाहिजे. कोणत्याही प्रयोगशाळेला लाज वाटू नये इतकी ही परीक्षा नेटकी आहे. तळाच्या प्लॅस्टिकवर दगडी चाकाने बारीक नक्षी कोरलेली असते. कोरड्या थंड हिमासाठी ती नाजूक, ओल्या हिमासाठी खोल आणि रुंद, म्हणजे पाण्याला वाट मिळते. आघाडीच्या खेळाडूंकडे अशा निरनिराळ्या कमानींच्या आणि नक्षींच्या तीसचाळीस जोड्या सहज असतात.

ही झाली शर्यतीची गोष्ट. तीत निदान प्रश्न स्पष्ट असतो: कोण पुढे गेले? सामान्य हौशी माणसासाठी नियतकालिके ज्या तुलनात्मक चाचण्या दरवर्षी छापतात, तिथे खरा घोटाळा आहे. पाचदहा कुशल स्कीपटू एका उतारावर जमतात, दिवसभरात बऱ्याच जोड्या पायाला लावतात, प्रत्येकीला वळण, पकड, स्थैर्य, हलकेपणा अशा शीर्षकांखाली गुण देतात. मग सरासरी काढून पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक जाहीर होतो. उत्तरपत्रिका तपासलेल्या शिक्षकवर्गाला यातले कच्चे दुवे सांगण्याची गरज नाही. पहिल्या गठ्ठ्यातल्या विद्यार्थ्याला एक न्याय आणि शेवटच्या गठ्ठ्यातल्याला दुसरा. सकाळी कडक हिमावर तपासलेली जोडी आणि दुपारी खिचडी झालेल्या हिमावर तपासलेली जोडी यांची सरासरी एकाच रकान्यात. शिवाय परीक्षक सगळे निष्णात. निष्णाताला ताठ, अवखळ, वेगात बोलकी होणारी पट्टी आवडते. तीच नवशिक्याच्या पायांत असली की त्याला पाडते. वरचे रंगीत चित्र झाकून, नाव कळू न देता घेतलेल्या चाचण्याही होतात, आणि त्या अधिक विश्वसनीय होत. परंतु परीक्षकाचे वजन, त्याची तयारी आणि त्या दिवसाचे हिम झाकता येत नाही. ते छापावेच लागेल. छापले तर मात्र ‘पहिला क्रमांक’ हे शब्द पुष्कळ फिके पडतील, आणि जाहिरातदारांना ते परवडणारे नाही.

या सरासरीला सर्वांत सणसणीत उत्तर एका पट्टीने दिले. स्कीची जुनी ठेवण अशी, की कमरेला अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद. स्लोव्हेनियाच्या ‘एलान’ कारखान्याने १९९३ च्या सुमारास ही कंबर आणखी आवळली आणि वळणे घेणे एवढे सोपे करून टाकले, की काही वर्षांत साऱ्या जगाच्या स्कींचा आकार बदलला. कठीण उतारावर हाच आकार श्रेष्ठ, याविषयी वाद उरला नाही. मात्र खोल, भुसभुशीत, ताज्या हिमात ती रुंद टोके अडखळत. शेन मॅकॉन्की नावाच्या अवलिया स्कीपटूने विचार केला, की खोल हिम हे जमिनीपेक्षा पाण्याला जवळचे आहे. त्याने पाण्यावर चालवायच्या स्की अलास्कातल्या हिमावर चालवून पाहिल्या. पुढे त्याच्या कल्पनेप्रमाणे ‘व्होलंट’ कंपनीने २००२ च्या सुमारास ‘स्पॅट्युला’ ही स्की बाजारात आणली. मध्यभागी सर्वांत रुंद, सुमारे १२५ मिलिमीटर, टोकांकडे निमुळती, आणि कमान उलटी, होडीच्या तळासारखी. कडक उतारावर तिची पकड जवळजवळ शून्य. कोणत्याही सरासरी चाचणीत तिचा क्रमांक शेवटून पहिला लागला असता. पण मांडीभर ताज्या हिमात तिने जे करून दाखविले ते पाहून आज खोल हिमासाठी बनणाऱ्या बहुतेक स्कींनी तिच्यातला काही ना काही अंश उचलला आहे. स्नोबोर्डच्या बाबतीतही हाच प्रकार. दोन्ही पाय आडवे जखडलेली ही एकच फळी कडक उताराला ताठ आणि कमानदार हवी, तर खोल हिमाला लांब, नाकाशी उचललेली आणि शेपटाकडे निमुळती. दोन्हींची गोळाबेरीज करून निवडलेली ‘सर्वोत्तम’ फळी पुष्कळदा कोणत्याच हिमाला सर्वोत्तम नसते.

उत्तम साधने, उत्तम माणसे आणि भरपूर पैसा असूनही पारख कशी फसते, त्याचे उदाहरण २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये दिसले. काळ्या समुद्राजवळच्या त्या डोंगरात फेब्रुवारीत वसंतासारखी हवा पडली होती. स्कीदौडीचे माहेरघर म्हणविणाऱ्या नॉर्वेचा महिलांचा रिले संघ पाचवा आला आणि दुसऱ्या दिवशी पुरुषांचा संघ चौथा. दोन्ही सुवर्णपदके शेजारच्या स्वीडनने नेली. नॉर्वेत राष्ट्रीय आपत्ती कोसळल्यासारखी चर्चा झाली आणि तिचा रोख खेळाडूंपेक्षा मेणतज्ज्ञांवर होता. आपल्याकडे कसोटी सामना हरल्यावर खेळपट्टी करणाऱ्या माळ्याची जी अवस्था होते, तीच त्या तज्ज्ञांची झाली. वस्तुतः त्याच स्पर्धेत इतर शर्यतींत नॉर्वेने सुवर्णपदके मिळविली होती. माणसे तीच, गोदाम तेच. ओल्या, मलूल हिमाचा अंदाज त्या दोन दिवशी चुकला, इतकेच.

ओले हिम हा असा जुना शत्रू होता, आणि त्यावर रामबाण सापडला तो फ्लुओरीनच्या रूपाने. त्याची चाहूल बरीच आधी लागली होती. बोडेन यांनीच १९५३ सालच्या आपल्या निबंधात टेफ्लॉनचा हिमावरचा घर्षणांक फार कमी असल्याचे नमूद केले होते. न चिकटणाऱ्या तव्यांमुळे टेफ्लॉन आज आपल्या स्वयंपाकघरातही परिचित आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच कुळातल्या फ्लुओरोकार्बनांची भुकटी मेण म्हणून बाजारात आली. पाणी, तेल आणि मळ या तिन्हींना ती झिडकारी. तीस ग्रॅमच्या डबीला शंभराहून अधिक डॉलर पडत, आणि तरीही शर्यतीत उतरणाऱ्या कुठल्याही संघाला ती टाळता येईना. हात धरून घेतलेल्या प्रत्येक परीक्षेत ओल्या हिमावर तीच पुढे जाई. श्रीमंत संघांनी मोठमोठ्या मालमोटारींत फिरत्या मेणशाळा उभारल्या. लहान गावांतल्या शालेय स्पर्धांतही पालक मुलांच्या स्कींसाठी ही भुकटी विकत घेऊ लागले.

ही भुकटी पट्टीवर पसरून तापलेल्या इस्त्रीने वितळवावी लागते. दीडशे अंशांच्या वर तापलेल्या इस्त्रीखालून धूर निघतो. मोसमभर, दिवसाकाठी कित्येक तास, बंद खोलीत वाकून हे काम करणारी माणसे तो धूर श्वासात घेत होती. स्वीडनमधल्या संशोधकांनी आठ मेणतंत्रज्ञांचे रक्त मोसमभर वेळोवेळी तपासले आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. परफ्लुओरोऑक्टॅनोइक आम्ल, संक्षेपाने पीएफओए, या द्रव्याचे त्यांच्या रक्तातील मध्यक प्रमाण मिलिलिटरमागे ११२ नॅनोग्रॅम होते. स्वीडनच्या सर्वसाधारण लोकांत ते २.५ होते. म्हणजे सुमारे पंचेचाळीस पट. हे द्रव्य शरीरातून निम्मे बाहेर पडायलाच काही वर्षे लागतात. निसर्गात तर ते जवळजवळ विघटितच होत नाही. नॉर्वेत ट्रोन्डहाइमजवळच्या ग्रानोसेन या स्कीकेंद्राच्या परिसरात माती, गांडुळे आणि उंदरांच्या जातीचे लहान प्राणी तपासले असता तिथेही याच कुळातली द्रव्ये, स्की न चालणाऱ्या जागेपेक्षा अधिक प्रमाणात, सापडली. २०१९ साली स्टॉकहोम करारान्वये पीएफओए त्याज्य द्रव्यांच्या यादीत गेले. २०२३ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले.

माझ्या मते या सबंध प्रकरणात ठळकपणे नोंदवावी अशी बाब हीच आहे. हिमाचे तापमान दशांश अंशापर्यंत आणि घसरण शतांश सेकंदापर्यंत मोजणाऱ्या माणसांच्या नोंदवहीत, ते ज्या खोलीत बसून नोंद करीत होते तिथल्या हवेसाठी रकाना नव्हता. त्यात कोणाचा दुष्टपणा होता असे म्हणण्याचे कारण नाही. परीक्षकाने स्वतःला परीक्षेच्या बाहेर ठेवावे, ही शास्त्राची चांगली शिकवणच इथे आड आली. अदलाबदल करून, डोळे झाकून, क्रमांक लावून घेतलेल्या चाचणीत ‘मी’ उरता कामा नये. आणि म्हणून त्या ‘मी’च्या फुप्फुसात काय जाते हे विचारायला बाहेरची माणसे यावी लागली.

बंदीची कथाही सरळ नाही. नॉर्वेच्या संघटनेने २०१८-१९ च्या मोसमापासून सोळा वर्षांखालील मुलांच्या शर्यतींत हे मेण बंद केले. आंतरराष्ट्रीय महासंघाने नोव्हेंबर २०१९ मध्ये पुढच्याच मोसमापासून सरसकट बंदी जाहीर केली. परंतु नियम करणे सोपे आणि तो मोडल्याचे सिद्ध करणे अवघड. मैदानावर, थंडीत, काही मिनिटांत स्कीच्या तळावरचा फ्लुओरीनचा अंश खात्रीने ओळखणारे यंत्र तयार नव्हते. बंदी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि अखेर २०२३-२४ मध्ये लागू झाली. आता अवरक्त किरणांनी तळाचा वर्णपट घेणारे उपकरण शर्यतीच्या ठिकाणी असते. पूर्वी लावलेल्या मेणाचा अवशेष किंवा दुसऱ्याच्या हत्याराला लागलेला कणही ते पकडू शकते, म्हणून ब्रश, इस्त्र्या, ओटे सगळे नवे घ्यावे लागले. नियम पट्टीवर काय सापडले ते पाहतो. ते कसे आले हे पाहत नाही. खेळाडूच्या दृष्टीने हे कठोर आहे खरे. पण हेतू शोधत बसणारा नियम एका मोसमातच पांगळा झाला असता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

ही बंदी गरीब देशांच्या खेळाडूंना समान संधी देईल, असाही एक युक्तिवाद झाला. तो अर्धाच खरा आहे. शंभर डॉलरची डबी गेली. तीसचाळीस जोड्या, कोरीव तळ आणि डझनभर तज्ज्ञ राहिलेच. रामबाण गेल्यामुळे कमान, नक्षी आणि तळाचे प्लॅस्टिक यांचे महत्त्व उलट वाढले, आणि या गोष्टी डबीहून महाग आहेत. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता काश्मीरचा आरिफ खान. त्याची जायंट स्लॅलमची शर्यत यंत्राने पाडलेल्या कठीण हिमावर झाली आणि शर्यत चालू असताना वरून नवे हिम दाट पडत होते. खाली एक वर्ग, वर दुसरा. आरिफ पंचेचाळिसावा आला. त्या दिवशी बरेच मातब्बर शर्यत पुरीही करू शकले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा क्रमांक लहान वाटत नाही.

आरिफची घडण जिथे झाली त्या गुलमर्गचे हिमही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ च्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा तिथे फेब्रुवारीत व्हायच्या होत्या. हिमच पुरेसे नसल्यामुळे त्या मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. फेब्रुवारीचे कोरडे, भुरभुरीत हिम आणि मार्चचे दिवसा वितळून रात्री गोठणारे हिम हे वर्गीकरणातले दोन वेगळे वर्ग आहेत, आणि युरोपात छापलेल्या कोणत्याही क्रमवारीत अफरवटच्या उतारावरचे मार्चचे हिम नसते. तिथे भारत सरकारची स्की व गिर्यारोहण संस्था आहे, सैन्याची उंच प्रदेशातील युद्धशाळा आहे, पर्यटकांना स्की भाड्याने देणारी दुकाने आहेत. दररोज सकाळी ठरलेल्या एका उतारावर हिमाचे तापमान, कणांचा वर्ग, लावलेले मेण, घसरणाऱ्याचे वजन आणि घसरलेले अंतर यांची नोंद तिथे कोणी ठेवू लागले, तर दहा हिवाळ्यांनंतर काश्मीरच्या मुलामुलींना आपल्या हिमाची स्वतःची कोष्टके मिळतील. मेणाच्या खोलीत खिडकी आहे की नाही, हाही एक रकाना त्यात असावा. या कामाला मालमोटार लागत नाही. एक तापमापक, एक भिंग, मिलिमीटरच्या चौकटी आखलेला काळा पत्रा आणि एक जाड वही पुरते.